काटेसाहेब खरेदीला निघतात

बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत, पण ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि शहराच्या कडेला दर शनिवारी भरणारा शेतकरी बाजार त्यांच्या वाट्याला आला होता. वर्षातून दोनदा, कोणालाही न कळवता, ते तिथे उतरत. हातात चौकोनी लाकडी पेटी. पेटीत निळ्या मखमलीत रुतवलेली पितळी वजनं, पाच किलोच्या ठोकळ्यापासून ते चिमट्यानेच उचलावं लागेल अशा एक ग्रॅमच्या चकतीपर्यंत. ते फाटकातून आत आले की गप्पा जागच्या जागी थिजत. कोणी घसा खाकरे, कोणी टोपी सरळ करी, कोणी उगाचच पारडी पुसायला घेई. काटेसाहेब प्रत्येक तराजूसमोर उभे राहत, वजन ठेवत, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघत आणि म्हणत, "बरोबर." नाहीतर म्हणत, "बरोबर नाही." यापलीकडचा तिसरा शब्द त्यांच्या तोंडून बाजाराने कधी ऐकला नव्हता.

त्यांनी तिथे कधी काही घेतलं नाही. विकत नाही आणि फुकट तर नाहीच. उन्हाळ्यात कोणी पाण्याचा पेला पुढे केला तरी ते हातानेच नको म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, आपल्या पिशवीत त्यांनी एक फळ जरी वर टाकलं, तरी मग मी कुठल्या तोंडाने त्यांच्या पारड्यात वजन ठेवू? बाजारात जायचं नाही." बायको म्हणाली होती, "बरं." तेव्हापासून ती दर शनिवारी दोन पिशव्या घेऊन बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दुकानात जाई. काटेसाहेब खिडकीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहत. आपल्या सचोटीचं ओझं ही बिचारी वाहतेय असं त्यांना वाटे आणि त्या दिवशी ते जेवताना मुद्दाम प्रत्येक गोष्टीची तारीफ करत. "त्या दुकानाचा माल मात्र चोख हं." बायको म्हणे, "हो ना." आणि आणखी एक फोड त्यांच्या ताटलीत सरकवी.

वसंतात ते निवृत्त झाले. पेटी खात्यात जमा केली. कारकुनाने वजनं मोजली, सही घेतली आणि पेटी एका फळीवर अशी ठेवून दिली जशी ती कोणाचीच नव्हती. घरी येताना काटेसाहेबांचा उजवा हात चालताना आपोआप वर वर येत होता, इतकी त्याला पेटीची सवय झालेली.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवस एकमेकांत मिसळून गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागे आणि स्वप्नात एक मोठा तराजू दिसे. त्याची पारडी कधी थांबतच नसत, एक वर, एक खाली, अगदी सावकाश, झोपाळ्यासारखी. जागेपणी असा तराजू पाहिला असता तर त्यांनी तो तिथल्या तिथे जप्त केला असता. स्वप्नात मात्र ते नुसते बघत बसत आणि त्यांना बरं वाटे. जाग आल्यावर कितीतरी वेळ आपण कुठे आहोत हेच लक्षात येत नसे.

वर्षाअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या. मंगळवारी लेक, जावई आणि पाच वर्षांची नात येणार होती. काटेसाहेबांच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. एके संध्याकाळी बायको मटार सोलत असताना त्यांनी ती बोलून टाकली.

"अगं, मी काय म्हणतो, यंदाची खरेदी आपण बाजारातून करू. जोडीने जाऊ."

तिचा हात थांबला. "कुठल्या बाजारातून?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या. शेतकरी बाजारातून. आता मी कोण लागतो त्यांचा? जेवणाचं सगळं तिथूनच घेऊ, पोरांच्या भेटीही तिथेच बघू."

"नको बाई. माझा गुडघा दुखतोय."

"बसच्या पायऱ्या तर चढायच्या नाहीत, जवळच आहे."

"थंडी केवढी आहे."

"शाल घे."

"तुम्हाला गर्दी सोसत नाही."

"एकतीस वर्षं सोसली ना?"

ती पुन्हा मटार सोलू लागली, पण दाणे भांड्याऐवजी टेबलाखाली घरंगळत होते. काटेसाहेबांना भरून आलं. इतक्या वर्षांची सवय. बिचारीला खरंच वाटत नसेल, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी दाट धुकं पडलं होतं. रस्त्यावरचे दिवे अजून विझले नव्हते आणि झाडं नुसत्या पेन्सिलीच्या रेघांसारखी दिसत होती. बायको अर्धं पाऊल मागे चालत होती, शाल पार कपाळापर्यंत ओढलेली. तिला थंडी वाजत असावी म्हणून त्यांनी चालण्याचा वेग वाढवला, तर ती आणखीच मागे पडली.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि ते उभेच राहिले. ही जागा त्यांना तळहातासारखी ठाऊक होती. कुठली फरशी हलते, कुठल्या दुकानाचा ओटा उतरता आहे, सगळं. पण आजवर त्यांची नजर पारड्यांच्या वर कधी गेलीच नव्हती. आज धुक्यात रंगीत ताडपत्र्या तरंगत होत्या. भोपळे कोणी आतून उजळल्यासारखे केशरी दिसत होते. लोण्याच्या गोळ्यावर लाकडी साच्यातल्या पानाची नक्षी उमटलेली होती, अगदी शिरांसकट. कोणीतरी पोत्यातून अक्रोड ओतत होतं आणि तो आवाज लांबून, कापसातून यावा तसा येत होता. भाजलेल्या पावाचा, ओल्या मातीचा, संत्र्याच्या सालीचा असे वास एकामागून एक येऊन त्यांच्या कोटाला चिकटत होते. दुसऱ्या कोणाचं तरी स्वप्न चालू असावं आणि दार उघडं दिसलं म्हणून आपण आत शिरावं, तसं त्यांना झालं.

स्वप्नातल्या माणसांनी मात्र त्यांना लगेच ओळखलं. त्यांच्या पुढे पुढे शांतता पळत गेली. चीजवाल्याने फडकं उचललं आणि काटा पुसायला सुरुवात केली.

"साहेब, गेल्याच महिन्यात शिक्का मारून घेतलाय," तो घाईघाईने म्हणाला.

"मला चीज हवंय," काटेसाहेब म्हणाले.

"हो, पण कागद दाखवतो ना..."

"पाव किलो."

चीजवाल्याने ते तीनदा तोललं. तिसऱ्यांदा त्याने सुरीच्या टोकाने शेंगदाण्याएवढा तुकडा काढला, पुन्हा ठेवला आणि पुन्हा काढला. काटेसाहेबांनी पुडी घेतली आणि "आभारी आहे" म्हणाले. चीजवाल्याचा चेहरा असा झाला, जसं त्याच्या तराजूनेच तोंड उघडून बोलावं.

पुढचं दुकान मधाचं होतं. मधवाली बाई गोल चेहऱ्याची, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेली. ती काटेसाहेबांच्या खांद्यावरून मागे बघत होती आणि एकदम तिचा चेहरा फुलला.

"आलात का ताई! मागच्या शनिवारी कुठे होतात हो? जावईबापूंची बरणी बाजूला ठेवून ठेवून मी दमले." तिने शेजारच्या दुकानाकडे तोंड करून हाक दिली, "अगं ए, बसवाल्या ताई आल्या बघ!"

काटेसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांची बायको होती, आणि तिच्या मागे फक्त धुकं.

"यांचा काहीतरी घोटाळा झालाय," ते हलक्या आवाजात बायकोला म्हणाले. "तुला दुसरंच कोणीतरी समजतायत."

बायकोने शाल कपाळावरून मागे सारली. मधवालीने तिच्याकडे पाहिलं, मग काटेसाहेबांकडे, मग दोघांच्या हातातल्या एकाच कापडाच्या पिशव्यांकडे.

"ताई," ती म्हणाली, "हे साहेब तुमचे..."

"हे आमचे हे," बायको म्हणाली.

मधवालीच्या हातातला चमचा बरणीत पडला आणि सावकाश बुडत गेला.

काटेसाहेबांना नंतर आठवे ते एवढंच, की आपण पिशवी उचलली आणि वाट फुटेल तिकडे चालू लागलो. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बटाट्यांच्या दुकानाशेजारी रिकाम्या खोक्यांची चळत होती, तिच्यावर ते जाऊन बसले. त्यांच्या मनात एक एक गोष्ट जागा बदलू लागली. थंडीतली नासपती, टपोरे मटार, तो मध, त्यांनी दर शनिवारी केलेली तारीफ. एक ग्रॅमची चोरी दहा पावलांवरून ओळखणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काटा मारला जात होता! राग येतोय का, हे त्यांनी तपासून पाहिलं. राग होता, पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"साहेब, काटा बरोबर आहे माझा," बाजूने आवाज आला.

बटाटेवाला होता. तीस वर्षांपूर्वी ह्याच्याच पारड्याखाली चिकटवलेली शिशाची पट्टी काटेसाहेबांनी काढली होती आणि तराजू जप्त केला होता.

"मी आता साहेब नाही," काटेसाहेब म्हणाले. "बस इथे जरा. त्या बसवाल्या ताई. त्यांना तू ओळखतोस?"

"ताईंना कोण ओळखत नाही? दर शनिवारी येतात. 'मला बस गाठायचीय' म्हणतात आणि दोन तास हलत नाहीत. म्हणून तर ते नाव पडलं. बाजाराच्या लाडक्या आहेत. आणि भाग्याच्या!"

"भाग्याच्या कशा?"

बटाटेवाल्याने आजूबाजूला पाहिलं आणि खोका जवळ ओढला. "आता तुम्ही साहेब नाही म्हणता म्हणून सांगतो. ताई नाही आल्या ना, की त्या शनिवारी तुम्ही हमखास यायचात. एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी. नऊ वाजले, ताई दिसल्या नाहीत, की आम्ही सगळे फडकी घेऊन पारडी पुसायला लागायचो. आम्ही म्हणायचो, ताईंचा पायगुण आहे. त्या असल्या की संकट फाटकातून आत येत नाही."

काटेसाहेबांच्या डोळ्यांसमोर नोकरीच्या दिवसांतली शुक्रवारची संध्याकाळ आली. तपासणीच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून वजनं पुसत. बायको समोरच बसलेली असे. आणि दुसऱ्या दिवशी ती, बिचारी, खरोखरच बसने जात असणार.

"म्हणजे माझी एकही तपासणी अचानक नव्हती," ते म्हणाले.

बटाटेवाल्याला काही उमगलं नाही, पण त्याने सहानुभूतीने मान हलवली.

"आणि मी नसायचो तेव्हा?" काटेसाहेबांनी विचारलं. "तेव्हा काटे कसे असायचे? खरं सांग."

"तेव्हा ताई असायच्या ना, साहेब. त्यांच्यासमोर कोणाचा हात धजावणार? तुम्ही पारड्याकडे बघायचात. त्या पारड्याकडे बघायच्याच नाहीत, आमच्या तोंडाकडे बघून बोलायच्या. आईचं दुखणं कसं आहे, पोरगी शाळेत रमली का, हे सगळं. जे माणूस बघतच नाही त्याला फसवायला जीव होत नाही हो. मी उलट दोन बटाटे वर टाकायचो, तर त्या तेवढे मोजून बाहेर काढून ठेवायच्या. 'आमच्या घरी चालत नाही,' म्हणायच्या. का चालत नाही ते कधी सांगितलं नाही."

धुकं आता विरळ होत होतं आणि त्यातून एक फिकट, दुधट ऊन खाली झिरपत होतं. बटाट्यांना चिकटलेली माती त्या उजेडात जांभळी दिसत होती. मग काटेसाहेब उठले, "तीन किलो दे, जाताना नेतो," म्हणाले आणि मागे फिरले.

बायको नासपतीच्या ढिगासमोर उभी होती. ती एकेक फळ देठाशी हलकेच दाबून बघत होती. दिसायला शांत, पण एकच नासपती तिने चारदा उचलून खाली ठेवली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावीस वर्षं झाली." ती फळांकडे बघूनच बोलली. "आपली मुलगी तीन वर्षांची होती. तिला ताप होता, संत्री मागत होती. मी बस गाठायला धावले आणि बस चुकली. पुढची तासाने. बाजार समोरच दिसत होता."

"एकदा. ते समजलं. पण नंतर?"

"नंतर?" तिने नासपती खाली ठेवली. "नंतर चुकतच गेली बस."

काटेसाहेबांना हसू आलं. आधी ते नाकातल्या नाकात आलं, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना पिशवी खाली ठेवावी लागली. नासपतीवाली, चीजवाला, मधवाली सगळी माना लांब करून बघत होती. काटेसाहेबांना हसताना पाहण्याचा प्रसंग बाजारावर कधी आला नव्हता. बायकोने आधी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, मग तिनेही शालीचं टोक तोंडाला लावलं.

"रागावलात ना?" ती हळूच म्हणाली.

"रागावलोय," ते डोळे पुसत म्हणाले. "तो राग सुट्ट्या संपल्यावर बघू. आता मला सांग, यातली कुठली घ्यायची?"

मग ती पुढे आणि ते मागे, अशी खरेदी सुरू झाली. आता तिला शाल कपाळावर ओढायची गरज नव्हती. तिने त्यांना कुठला भोपळा टकटक केल्यावर पोकळ वाजतो ते ऐकवलं. कुठलं लोणी सकाळचं आणि कुठलं कालचं ते बोटाने दाखवलं. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी चव बघायला काहीतरी पुढे करी. काटेसाहेबांचा हात सवयीने नकाराला वर येई, मग ते तो खाली घेत आणि तोंडात टाकत. खारवलेलं चीज, भाजका अक्रोड, नासपतीची थंडगार फोड. इतक्या वर्षांचं न खाल्लेलं सगळं एका सकाळी त्यांच्या जिभेवर येत होतं, आणि डोकं हलकं हलकं होत होतं. जावयासाठी बाजूला ठेवलेली मधाची बरणी घेतली. लेकीसाठी मेंढ्यांवाल्याच्या बायकोने विणलेले लोकरीचे मोजे घेतले. तिची पावलं लहानपणापासून बर्फासारखी थंड असत. नातीसाठी लाकडी पक्ष्याची शिट्टी. ती वाजवून घ्यावी लागते असं सुताराने सांगितल्यामुळे काटेसाहेबांनी भर बाजारात, पाठ फिरवून, तीनदा वाजवली.

शेवटच्या दुकानात एक म्हातारी वाळवलेली पानं-फुलं विकायला बसली होती. कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची, उशीत भरायची. जांभळी, पांढरी, राखाडी. तिच्याकडे तराजूच नव्हता. काटेसाहेबांना ती चांगली आठवत होती. कायद्याच्या कुठल्या कलमात हिला बसवावं हे त्यांना एकतीस वर्षांत सुटलं नव्हतं.

"मला हिच्यासाठी हवंय," ते म्हणाले. बायकोने चमकून पाहिलं. "किती द्याल?"

"मुठीने देते."

"कोणाच्या मुठीने?"

"ज्याच्यासाठी घ्यायचं त्याच्या," म्हातारी म्हणाली, जसं हे जगाला ठाऊकच आहे.

बायकोने हातमोजा काढला आणि जांभळ्या फुलांच्या टोपलीत हात घातला. मूठ भरून वर आली, बोटांच्या फटींतून काही फुलं गळली. वास एकदम उठला, इतका की काटेसाहेबांना क्षणभर डोळे मिटावे लागले. ती मूठ किती ग्रॅमची असेल याचा अंदाज त्यांना सहज करता आला असता. त्यांनी तो केला नाही.

"आणखी एक घे," ते म्हणाले.

तिने आणखी एक मूठ भरली.

मंगळवारी लेक आली. दारातूनच तिने टेबलावरचा भोपळा, चीज, नासपतीची टोपली पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"आई, तू बाबांना सांगितलंस?"

काटेसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणजे तुलाही ठाऊक होतं?"

"बाबा, मी तिच्या बोटाला धरून जायचे. मधवाल्या मावशी मला चमचा चाटायला द्यायच्या."

त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई बुटांची नाडी सोडण्यात फारच गुंतला होता.

"म्हणजे या घरात मी एकटाच?" काटेसाहेब म्हणाले. "ही तरी माझ्या बाजूची आहे ना?" म्हणत त्यांनी नातीला उचलून घेतलं. ती तेवढ्यात म्हणाली, "आजोबा, तो मध बाजारातला आहे ना?"

जेवण लांबलं. भाजलेला भोपळा, लोणी माखलेले बटाटे, चीज, वर मधात घोळवलेले अक्रोड. शिट्टी इतकी वाजली की शेवटी ती फळीवर चढवून ठेवावी लागली. दुपारी जावई पलंगावर आडवा झाला, लेक नवे मोजे घालून आरामखुर्चीत, नात तिच्या पोटावर, आणि तिघंही बघता बघता झोपी गेली.

काटेसाहेब आणि बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होते. ती घासत होती, ते पुसत होते. आणि ती बोलत होती. मधवालीचा नवरा कसा एका पावसात वाहून चाललेल्या मधमाश्यांच्या पेट्यांमागे धावत गेला होता. नासपतीवालीचं तीन वर्षांत एकाच माणसाशी तीनदा लग्न ठरलं आणि तीनदा मोडलं. फुलंवाली म्हातारी तरुणपणी दोरीवरून चालायची, खरंच, पाय अजून तसेच टाकते, नीट बघा. अठ्ठावीस वर्षांचे शनिवार तिच्यापाशी साठले होते आणि घरात सांगायची सोय नव्हती. आता एकातून एक निघत होता. भांडी संपली तरी ती थांबली नाही. नळाखालचं पाणी वाहत राहिलं होतं, ते त्यांनी हात लांब करून बंद केलं, ओलं फडकं खांद्यावर टाकलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"मग तिसऱ्यांदा कोणी मोडलं?" त्यांनी विचारलं. "तिने की त्याने?"